भर दुपारचे दिवे

वाचकहो, आपल्याकडे भर दुपारी कुणाच्या मोटारसायकलचा दिवा जळताना दिसला, की समोरून येणारा माणूस काय करतो हे तुम्हाला सांगायला नको. एक हात वर करतो आणि पाची बोटे दोन-तीनदा मिटतो-उघडतो. म्हणजे, ‘बाबा रे, दिवा चालू राहिलाय, बंद कर.’ ओळख ना पाळख, पण ही खूण करायला कुणी चुकत नाही. त्यात आपुलकी आहे तशी काटकसरही आहे. उगाच काही जळू नये, हा आपल्या घराघरांतला संस्कार. आमची आई दिवेलागणीला कंदील लावी आणि जेवणे झाली, भांडी आवरली, की लगेच वात बारीक करी.

हा संस्कार घेऊन मी आणि सौभाग्यवती २०२३ सालच्या जुलैमध्ये कॅनडाला गेलो. आमची थोरली लेक आणि जावई सास्काटून नावाच्या शहरात राहतात. विमानतळावरून घरी जाताना पहिली गोष्ट डोळ्यांत भरली ती हीच. लख्ख ऊन पडलेले, आणि समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे मात्र लागलेले. एक गेली, दोन गेल्या, दहा गेल्या. शेवटी न राहवून मी काचेतून हात वर करून आपली नेहमीची खूण केली. मागे बसलेला नातू खो-खो हसू लागला.

जावई म्हणाले, “मामा, हात दुखून येईल तुमचा. इथं सगळ्याच गाड्यांचे दिवे दिवसा लागतात. गाडी सुरू केली की आपोआप लागतात. बंद करायचे म्हटले तरी सहजी होत नाहीत.”

मी गप्प बसलो, पण मनाला काही पटले नाही. एवढ्या श्रीमंत देशात उजेडाला तोटा नसेल, म्हणून का दिवसा दिवे जाळायचे? याचे उत्तर मला पुढे त्याच मुक्कामात मिळाले, आणि ते असे मिळाले की जन्मात विसरणार नाही.

बांध नसलेला मुलूख

आधी तो मुलूख कसा आहे ते सांगतो. सास्काटून हे सास्काचेवान प्रांतातले सर्वांत मोठे शहर. शहराच्या मधून नदी वाहते. शहर संपले की जी सपाटी सुरू होते ती क्षितिजापर्यंत. डोंगर नाही, टेकडी नाही, एखादे झाड दिसले तरी ते बहुधा कुणाच्या तरी घराभोवती वाऱ्याला अडवायला लावलेले. आपल्या डोळ्यांना सह्याद्रीची सवय. तिथे नजर टेकायला काही सापडतच नाही.

जमीन मात्र सगळी मोजून, आखून ठेवलेली. बुद्धिबळाच्या पटासारखे एकेका मैलाचे चौकोन. एका चौकोनात ६४० एकर, त्याचा चौथा हिस्सा १६० एकर. १८७२ साली तिथल्या सरकारने कायदा केला, की येणाऱ्या माणसाने दहा डॉलर फी भरावी, १६० एकर जमीन घ्यावी, तीन वर्षे तिथे राहावे, घर बांधावे, काही जमीन वहिवाटीखाली आणावी, मग ती त्याच्या नावावर होईल. त्या जमिनीवर आधीपासून वावरणाऱ्या मूळच्या जमातींचे काय झाले, तो इतिहास दुःखाचा आहे आणि तिथले शहाणे लोक आता तो उघडपणे सांगतात. आज कित्येक शेतकरी हजारो एकर कसतात. आपल्याकडे हातभर बांधासाठी भावाभावांत कज्जे चालतात. तिथे चालत निघालो तर दुसऱ्या शेतकऱ्याचे घर गाठायला अर्धा दिवस जाईल!

जुलैत सगळीकडे कॅनोला फुललेला होता. ही आपल्या मोहरीची बहीण. पिवळ्याधमक रंगाने डोळे दिपतात. मधूनच निळसर फुलांची चादर दिसली, ती जवसाची. आणि एका ठिकाणी गाडी थांबवून जावयांनी बुटकी हिरवी रोपे दाखवली. वाकून पाहतो तर मसूर! कॅनडातला बहुतेक मसूर याच प्रांतात पिकतो आणि त्यातला पुष्कळसा आपल्या देशात येतो. सौभाग्यवती म्हणाली, “म्हणजे आपण आमटी केली ती इथली होय!” एवढ्या परक्या मुलखात एकदम घरची ओळख निघाल्यासारखे वाटले.

दिवसा दिवा कशासाठी?

रस्ते या चौकोनांच्या कडेकडेने गेलेले, अगदी सरळ. मोठे रस्ते डांबरी, आतले खडीचे. खडीच्या रस्त्याने गाडी गेली, की मागे धुळीचा असा लोट उठतो की मागची गाडी त्यात गडप होते. त्या वर्षी कॅनडात जंगलांना फार मोठे वणवे लागले होते. त्यांचा धूर दूरदूरच्या गावांवर येऊन बसे. अशा दिवसांत समोरची करड्या रंगाची गाडी करड्या रस्त्यावर दिसतच नसे. दिसे तो फक्त तिचा दिवा.

सरळ रस्त्याचीही एक फसवणूक असते. आपल्या घाटात वळण आले की माणूस आपसूक सावध होतो. तिथे दोन मैलांवरची गाडी ठिपक्याएवढी दिसते आणि बराच वेळ ठिपकाच राहते. ती उभी आहे, चालली आहे, का आपल्याकडे येते आहे, हे चटकन उमगत नाही. पुढच्या ट्रकला ओलांडायला गेलेला माणूस तिथेच फसतो. दिव्याचे दोन ठिपके दिसले की निदान ‘समोरून कोणीतरी येतेय’ एवढे लांबूनच कळते.

त्यातून हिवाळ्याची गोष्ट निराळी. डिसेंबरात तिथे सूर्य सव्वानऊच्या सुमाराला उगवतो आणि पाचच्या आत मावळतो. भर दुपारीही तो आपल्याकडच्या सकाळी आठ-साडेआठच्या उन्हासारखा तिरपा असतो आणि थेट गाडीवानाच्या डोळ्यांत येतो. खाली बर्फ पांढरे, वर आभाळ पांढरे. अशा जागी दिवसा दिवा ही चैन नव्हे.

म्हणूनच ही रीत थंड मुलखांत सुरू झाली. फिनलंडने १९७२ साली गावाबाहेरच्या रस्त्यांवर हिवाळ्यात दिवसाही दिवे लावणे सक्तीचे केले. स्वीडनने १९७७ साली बाराही महिने ते सक्तीचे केले. कॅनडाने दुसरी वाट धरली. माणसाच्या आठवणीवर भरवसा न ठेवता, १९८९ च्या डिसेंबरपासून बनणाऱ्या नव्या गाड्यांना आपोआप लागणारे दिवेच बसवायला लावले. युरोपातही २०११ पासून मोटारींच्या नव्या नमुन्यांना ते लागू झाले.

हे दिवे रात्रीच्या दिव्यांइतके प्रखर नसतात. त्यांचे काम रस्ता दाखवण्याचे नाही. ‘मी येतोय’ एवढेच सांगण्याचे. आणि ते फक्त पुढे असतात. ही शेवटची गोष्ट जावयांनी सांगितली तेव्हा मी नुसती मान डोलावली. तिचे महत्त्व तेव्हा ना मला कळले, ना सांगणाऱ्याला.

गाडीत बसून सिनेमा

एका शनिवारी आम्ही मॅनिटू बीच या लहानशा गावी गेलो. सास्काटूनपासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर एक खारे तळे आहे. पाणी इतके खारट, की माणूस बुडत नाही, लाकडासारखा वर तरंगतो. मूळचे रहिवासी या पाण्याला औषधी मानत आले आणि आजही लोक सांधे दुखतात म्हणून तिथे डुंबायला येतात. सौभाग्यवतीच्या गुडघ्यांना उतार पडला का, ते तिलाच ठाऊक. पण पाण्यावर उताणे पडून ती लहान मुलीसारखी हसत होती. चाळीस वर्षांच्या संसारात मी तिला अशी हसताना थोड्या वेळा पाहिली आहे.

संध्याकाळी नातवाने हट्ट धरला सिनेमाचा. गावालगत उघड्या माळावर एक भलामोठा पांढरा पडदा उभा केलेला. समोर गाड्यांच्या रांगा. माणसांनी आपापल्या गाडीत बसायचे, सिनेमाचा आवाज गाडीच्या रेडिओवर ऐकायचा. मला आमच्या जत्रेतला तंबू आठवला. तिथेही अंधार पडल्याशिवाय खेळ सुरू होत नसे. फरक एवढाच, की तिथे जुलैत सूर्य सव्वानवाला मावळतो, त्यामुळे खेळ सुरू व्हायला दहा वाजून गेले.

दारावरच्या पोराने प्रत्येक गाडीला एकच बजावले, ‘दिवे बंद ठेवा.’ सोपे वाटते, नाही का? पण जे दिवे बंद होऊ नयेत म्हणूनच केलेले, ते बंद कसे करणार? इंजिन बंद होते तोवर ठीक होते. डासांपायी काचा लावून घेतल्या, आत पाच माणसे, काचांवर वाफ धरली. म्हणून जावयांनी पंख्यासाठी इंजिन सुरू केले मात्र, फटकन दिवे लागले आणि पडद्यावरच्या नटाचे तोंड पांढरे फटक पडले! चारी बाजूंनी भोंगे वाजू लागले. लेक शरमेने खाली वाकली. शेजारच्या गाडीतल्या बाईंनी काच उतरवून युक्ती सांगितली. दिव्यांची कळ ‘आपोआप’वर असते ती ‘बंद’वर फिरवा आणि हँडब्रेक ओढा. पुष्कळ गाड्यांत हँडब्रेक ओढला असेल तर हे दिवसाचे दिवे लागत नाहीत, कारण गाडी चालत नसताना त्यांचे काम नसते. तसे केले, आणि अंधार झाला. मी मनात म्हटले, चला, या देशात दिवा बंद करता येतो तर!

मागून आलेला म्हातारा

खेळ सुटला तेव्हा मध्यरात्र उलटली होती. नातू झोपला होता. जावयांनी हँडब्रेक सोडला, पुढचे दिवे लागले, समोरचे आकडे-काटे उजळले आणि आम्ही निघालो. आधी खडीचा रस्ता, मग डांबरी, दोन्हीकडे शेते, गावाचा मागमूस नाही. मला उजेड जरा मंद वाटला. तसे मी म्हटलेही. जावई म्हणाले, “पडदा बघून डोळे दिपलेत, मामा.” आम्हा दोघांनाही ते पटले.

दहा-बारा मिनिटे झाली असतील. अचानक मागून टायर करकचून घासल्याचा आवाज आला. मी मागे वळून पाहिले तर दोन प्रखर दिवे अगदी आमच्या मानेवर आलेले. एक मालवाहू पिकअप गाडी होती. ती आमच्या मागे दोन-चार हातांवर कशीबशी सावरली. मग तिने दिव्यांची उघडझाप केली, भोंगा दिला. जावयांनी भीतभीत गाडी कडेला घेतली. परका मुलूख, मध्यरात्र. लेकीने नातवाला पोटाशी धरले.

पिकअपमधून एक म्हातारा उतरला. डोक्याला शेतकऱ्याची टोपी, हातात बॅटरी. वाटले, आता हा भांडणार. पण त्याचेच हात थरथरत होते. त्याने आम्हाला खाली उतरवले आणि आमच्या गाडीच्या मागे नेऊन उभे केले. काही बोलला नाही. नुसते बोट दाखवले.

वाचकहो, मागे काहीच नव्हते. इंजिन चालू, पुढे उजेड, आत काटे उजळलेले, आणि मागून गाडी काळीकुट्ट! सिनेमात फिरवलेली कळ ‘बंद’वरच राहिली होती. पुढचे लागले होते ते दिवसाचे दिवे. त्यांच्या उजेडाने आणि आतल्या उजळलेल्या काट्यांनी आमची समजूत झाली, की सगळे दिवे चालू आहेत.

म्हातारा एवढेच म्हणाला, “तुम्ही मला शेवटच्या क्षणाला दिसलात. मागच्या सीटवर बाळ आहे ना?” जावयांनी कळ फिरवली, मागचे लाल दिवे लागले. त्याने दोन्ही दिवे पाहिले, आमच्या गाडीच्या टपावर दोनदा थाप मारली आणि आपल्या गाडीत जाऊन बसला. पण पुढे निघून गेला नाही. मोठा रस्ता येईपर्यंत तो अंतर राखून आमच्या मागोमाग आला. ना त्याचे नाव विचारायचे सुचले, ना गाव.

पुढे कळले, की हा प्रकार आमच्याच बाबतीत घडला असे नाही. अशा गाडीला तिथे ‘भुताची गाडी’ म्हणतात. तिथल्या सरकारलाही त्याची दखल घ्यावी लागली. सप्टेंबर २०२१ पासून नव्या गाड्यांना नियम झाला, की तीनपैकी एक सोय हवीच. पुढच्या दिव्यांबरोबर मागचेही लागावेत, किंवा अंधार पडताच सगळे दिवे आपोआप लागावेत, नाहीतर गाडीवानासमोरचे काटे अंधारातच राहावेत, म्हणजे त्याला आपली चूक तरी कळेल. जावयांची गाडी त्याआधीची. अशा जुन्या गाड्या अजून पुष्कळ रस्त्यावर आहेत.

आपल्या रस्त्यावरची भुते

त्या रात्री मला झोप लागली नाही. डोळ्यांसमोर सास्काचेवानचा रस्ता नव्हता. आमच्या गावचा, कृष्णाकाठचा रस्ता होता.

२०१९ च्या जानेवारीतली गोष्ट. गाळपाचा हंगाम ऐन भरात. आमच्या गावचा एक बावीस वर्षांचा पोरगा एमआयडीसीतली दुसरी पाळी संपवून मोटारसायकलवरून घरी येत होता. रस्त्यात पंक्चर झालेली उसाची ट्रॉली उभी होती. मागे ना दिवा, ना रेडियम. असलेला दिवा लोंबत्या उसाने झाकलेला. पोराच्या गाडीचा दिवा चालू होता. पण समोरून ट्रक आला, त्याच्या झोताने डोळे दिपले आणि तो थेट उसात शिरला. त्याच्या आईला आम्ही काय सांगितले, ते इथे लिहवत नाही.

ती ट्रॉली माझी नव्हती. पण त्याच रात्री, त्याच रस्त्याने माझाही ऊस कारखान्याला गेला होता आणि माझ्याही ट्रॉलीला मागे काही नव्हते. हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. तुम्हाला सांगतो आहे.

आणि आठवले ते वडिलांचे. रात्री बैलगाडी जुंपली, की वडील गाडीच्या खाली, आखाजवळ कंदील टांगत. लहानपणी मी विचारले होते, “आबा, खाली टांगलेल्या कंदिलानं बैलांना वाट कशी दिसणार?” ते म्हणाले होते, “बैलांना वाट ठावी हाय. कंदील त्यांच्यासाठी न्हाई. मागनं येणाऱ्याला आपण दिसावं म्हणून.” जी गोष्ट आबांना कंदिलाच्या काळात ठाऊक होती, ती आम्ही ट्रॅक्टर आल्यावर विसरलो. दिव्याची दोन कामे. एक, आपल्याला दिसावे. दुसरे, आपण दिसावे. पहिल्याची काळजी जो तो करतो, कारण त्यात आपला जीव असतो. दुसऱ्यात बहुतेकदा परक्याचा जीव असतो.

आपल्याकडेही १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींना सतत चालू राहणारा दिवा आला. तो बंद करायची कळच नसते. तरी काही जण गॅरेजात जाऊन वायर तोडून स्वतंत्र कळ बसवून घेतात. म्हणतात, बॅटरी उतरते. अहो, इंजिन चालू असताना बॅटरी भरतच असते. असली काटकसर करू नका. पोराने केली असेल तर कान धरून वायर परत जोडून घ्या.

आणि हंगाम तोंडावर आला, की एवढे करा. कारखान्याची आणि परिवहन खात्याची माणसे रेडियम लावायला येतात, त्यांची वाट पाहू नका. ट्रॉलीच्या मागे पूर्ण रुंदीभर लाल रेडियमची पट्टी लावा. ऊस लोंबून ती झाकली जाते, म्हणून रेडियम शिवलेले एक जाड कापड ठेवा आणि मोळ्या भरून झाल्या की ते सर्वांत मागे बांधा. दोन ट्रॉल्या असतील तर दोन्हींना लावा. ट्रॅक्टरपासून मागच्या दिव्यापर्यंत आलेली वायर उंदरांनी कुरतडली आहे का पाहा. चिखल-धुळीने पट्टी माखते, ती फडक्याने पुसा. पंक्चर झाले तर ट्रॉली डांबराच्या खाली घ्या, मागे बऱ्याच अंतरावर चमकणारा त्रिकोण ठेवा आणि काम झाले की तो उचला. मोठाले दगड रस्त्यात सोडून जाऊ नका. ते दगडही कुणाला दिसत नाहीत. बैलगाडी असेल तर मागे रेडियम लावा आणि आबांचा कंदीलही टांगा. मोटारवाल्यांनी पुढे उजेड दिसतो म्हणून मागे आहे असे धरून चालू नये. आम्ही तसेच धरून चाललो होतो.

कॅनडाहून परत आल्यावर पहिल्याच हंगामात मी हे माझ्या ट्रॉलीला केले. मग त्या पोराच्या वडिलांकडे गेलो आणि तेव्हा बोललो नव्हतो ते बोललो. ते बराच वेळ गप्प बसले. मग उठले, माझ्याबरोबर ट्रॉलीपर्यंत आले आणि बॅटरीचा झोत टाकून मागची पट्टी चमकते का ते त्यांनी स्वतः पाहिले.

आता मी कुणाच्या दिवसाच्या दिव्याला हात करीत नाही. उलट रात्री मागे अंधार असलेली गाडी दिसली तर थांबवतो आणि त्या म्हाताऱ्यासारखे मागे नेऊन दाखवतो. काही जण चिडतात. चिडोत बापडे.

तर वाचकहो, आज दिवेलागणीला एवढेच करा. गाडी असो, ट्रॅक्टर असो की बैलगाडी, तिच्या मागे वीस पावले चालत जा, वळून उभे राहा आणि पाहा, ती दिसते का.